घरून जीआरई देताना रफ काम कशावर करायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी सांगलीत राहतो, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात घरूनच जीआरई देणार आहे. रफ कामाला कागद-पेन चालत नाही असं कळलं, ते खरं का? मित्राने घरून जीमॅट दिली तेव्हा मोठा व्हाइटबोर्ड वापरला होता, तो मला द्यायला तयार आहे. चालेल? प्लास्टिकमध्ये कोरा कागद घालून त्यावर लिहिलं तर? आजी म्हणते, तुझी शाळेतली पाटी माळ्यावर आहे, तीच काढ."

माझे विद्यार्थी तुझ्याच वयाचे असतात, म्हणून सरळ 'तू' म्हणते. पुण्यात जीआरई-जीमॅट या परदेशी मास्टर्स-एमबीएच्या प्रवेशपरीक्षांचं गणित शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. २०२० पासून घरून परीक्षा देणाऱ्यांची तयारीही करून घेते. या एका विषयावर जेवढे घाबरेघुबरे फोन मला परीक्षेच्या आदल्या रात्री आलेत, तेवढे भूमितीवरही आलेले नाहीत.

उत्तर आधी देते, कारणं मागून. ऐकलंस ते खरं आहे. घरच्या जीआरईत उघड्या कागदावर लिहायचं नाही. पेन, पेन्सिल टेबलावर दिसायलाही नको. दोनपैकी एक गोष्ट घेता येते: टेबलावर मावेल असा एक छोटा व्हाइटबोर्ड, किंवा पारदर्शक शीट प्रोटेक्टरमध्ये, म्हणजे फाइलमधल्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, घातलेला ए-फोर मापाचा एकच कोरा कागद. दोन्हींवर पुसता येणाऱ्या मार्करनेच लिहायचं. सुरुवातीला प्रॉक्टरला, म्हणजे कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाला, दोन्ही बाजू कोऱ्या दाखवायच्या आणि परीक्षा संपली की त्याच्या डोळ्यांदेखत सगळं पुसून पुन्हा कोरं दाखवायचं. म्हणजे तुझी प्लास्टिकची कल्पना बरोबर आहे. मित्राचा बोर्ड नको आणि आजीची पाटीही नको.

आता कारण. ते कळलं की बाकीच्या शंका तुझ्या तुलाच सोडवता येतील.

हा नियम कॉपी रोखण्यासाठी आहे असं बहुतेकांना वाटतं, आणि मग तो वेडगळ वाटतो. कॉपीचीच भीती असती तर कोरा कागद उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवला की काम भागलं असतं. परीक्षा घेणाऱ्यांना खरी धास्ती असते ती प्रश्न बाहेर जाण्याची. केंद्रावर जीआरई दिलीस तर कागद आणि पेन्सिली तिथेच मिळतात, कागद संपला तर हात वर करून आणखी मागता येतो, आणि उठताना सगळे कागद मोजून परत घेतात. आपल्याकडे जेईई मेनला रफ शीट जमा करून घेतात, तसंच. घरी जमा करून घेणार कोण? परीक्षेतली सगळी सत्तावीस गणितं तू कागदावर उतरवलीस तर परीक्षा संपल्यावर तो कागद तुझ्याच घरात, तुझ्याच टेबलावर राहणार. जीआरईचे प्रश्न एकदा वापरून टाकून देण्यासाठी तयार केलेले नसतात, ते प्रश्नपेढीतून वेगवेगळ्या लोकांना पुन्हा पुन्हा जातात. त्यात घरची परीक्षा आठवड्याचे सातही दिवस, दिवसरात्र चालू असते. सांगलीत दुपारी कुणी उतरवून घेतलेला प्रश्न रात्री ब्राझीलमध्ये कुणाच्या पडद्यावर येईल, सांगता येत नाही.

ही भीती नुसती कागदावरची नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने क्लॅट या लॉ कॉलेजांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून बाहेर पडून स्वतःची एनएलएटी ही परीक्षा घरून घेतली होती. परीक्षा चालू असतानाच प्रश्न बाहेर फिरत असल्याचे आरोप झाले आणि नऊ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द केली. रद्द होण्याची कारणं आणखीही होती, पण घरच्या परीक्षेबद्दलचा अविश्वास तेव्हा सगळ्यांनी पाहिला.

तर स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: ही वस्तू परीक्षा संपताना कॅमेऱ्यासमोर पूर्ण कोरी होईल का? वही होणार नाही. पेन्सिल आणि खोडरबर घेतलंस तरी कागदावर खुणा राहतात. आयपॅड किंवा टॅबलेटवर फाइल उरते, शिवाय ते दुसरं उपकरण झालं, म्हणजे दोनदा चूक. आजीचा तर्क मात्र चुकलेला नाही, पाटी पुसली जातेच. पण नियमात व्हाइटबोर्ड आणि मार्कर असं लिहिलंय, आणि जे लिहिलंय त्याच्याबाहेरचं काही पुढे करून प्रॉक्टरशी इंग्रजीत वाद घालायची ती वेळ नव्हे. शिवाय पाटीवरच्या रेघा ओल्या फडक्याशिवाय नीट जात नाहीत हे आजीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, आणि जीआरईच्या टेबलावर पाण्याची बाटलीसुद्धा ठेवता येत नाही.

मित्राच्या बोर्डाचं काय? तो त्याच्या परीक्षेसाठी बरोबर होता. प्रत्येक संस्थेने हा प्रश्न आपापल्या डोक्याने सोडवलाय आणि तिथेच मुलं फसतात, कारण एकाचा अनुभव दुसऱ्याच्या परीक्षेला लावतात. मार्च २०२० मध्ये केंद्रं बंद पडल्यावर जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने घरून जीआरई आणि घरून टोफेल ही इंग्रजीची परीक्षा सुरू केली, दोन्हींना हा बोर्ड किंवा प्रोटेक्टरचा नियम लावला. जीमॅटवाल्यांनी एप्रिल २०२० मध्ये आपली ऑनलाइन परीक्षा आणली तेव्हा हातात धरायचा बोर्डही नव्हता. पडद्यावरच एक व्हाइटबोर्ड दिला होता, त्यावर माउसने समीकरणं काढायची! माझ्या एका विद्यार्थिनीने तो सरावाला वापरून पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, डाव्या पायाने रांगोळी काढल्यासारखं वाटतंय." तक्रारी एवढ्या झाल्या की जून २०२० पासून खरा बोर्ड वापरायची मुभा मिळाली. त्याचं माप ठरलेलं आहे, जास्तीत जास्त १२ बाय २० इंच, सोबत दोन मार्कर आणि एक डस्टर. शीट प्रोटेक्टरमधल्या कागदाची सवलत तिथे नाही. अमेरिकेतल्या लॉ स्कूलांसाठीच्या एलसॅटने मे २०२० मध्ये घरची आवृत्ती काढली तेव्हा चक्क पाच कोरे कागद वापरू दिले होते. आणि ड्युओलिंगोच्या इंग्रजी परीक्षेला कागद, पेन, बोर्ड यातलं काहीच चालत नाही, हात कीबोर्ड-माउसवर आणि डोळे पडद्यावर.

त्यामुळे १२ बाय २० चा बोर्ड जीआरईला नेऊ नकोस. ईटीएसचा शब्द 'छोटा' असा आहे, आणि वीस इंची बोर्डाला छोटा ठरवायचं की नाही हे त्या दिवशी जो प्रॉक्टर भेटेल त्याच्यावर सोडण्यात अर्थ नाही. ए-फोरच्या आसपासचा घे. आणि परीक्षेच्या आठवड्यात ईटीएसच्या पानावर नियम स्वतः एकदा वाच. हे नियम बदलतात, माझं उत्तर आपोआप बदलणार नाही.

आता खरेदी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गोंधळ इथेच होतात.

बोर्ड घेताना मागची बाजू बघ. बाजारात जे स्वस्त छोटे बोर्ड मिळतात ते बहुतेक मुलांसाठी असतात. पुढून पांढरे, मागे एबीसीडी नाहीतर पाढे छापलेले. कडेला सेंटीमीटरची पट्टीही असते. माझ्या एका विद्यार्थ्याने तुळशीबागेतून असा एक आणला होता, मागे दोन ते दहाचे पाढे. जीआरईला पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, पाढ्यांची गरज कुणाला? पण प्रॉक्टरला ते छापील आकडे दिसले आणि त्याने बोर्ड बाजूला ठेवायला सांगितला. पोराकडे दुसरं काही नव्हतं. शेवटी घरातल्या कोण्या प्रमाणपत्रांच्या फाइलमधलं एक प्लास्टिकचं लीफ काढून त्यात कोरा कागद घालायची परवानगी मिळाली, पण तोवर वीस मिनिटं आणि अर्धं अवसान गेलं होतं.

म्हणून मी दोन्ही तयार ठेवायला सांगते. बोर्ड टेबलावर, आणि कागद घातलेला प्रोटेक्टर हाताशी पण टेबलाबाहेर. वापरायचं एकच. दोन्ही एकदम मांडून बसायचं नाही.

प्रोटेक्टर घेतलास तर तो गुळगुळीत आणि काचेसारखा पारदर्शक हवा. दुकानात जे जरा दुधट, खरबरीत प्लास्टिकचे फोल्डर मिळतात त्यावर शाई धरते आणि पुसल्यावर निळसर धूर मागे राहतो. एकदा लिहून, दोन तास ठेवून, मग पुसून बघ. दोन तास का, तर परीक्षाच जवळजवळ तेवढी, १ तास ५८ मिनिटांची आहे. आत घालायचा कागद खरोखर कोरा हवा. कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू, कॉलेजच्या लेटरहेडचा कागद, आखीव पान, यातलं काही नको. कुणी विचारेल, तो कागद मग आत असतो तरी कशाला? मागे पांढरं असल्याशिवाय प्लास्टिकवर लिहिलेलं दिसत नाही, एवढंच. लॅमिनेट केलेला कागद चालेल का, असंही विचारतात. नियमात शीट प्रोटेक्टर म्हटलंय, तेव्हा शीट प्रोटेक्टरच घे. वीस रुपयांच्या वस्तूसाठी शब्दांचा कीस कशाला काढायचा?

मार्कर. त्याच्यावर 'व्हाइटबोर्ड' असं छापलंय का ते वाच. परमनंट मार्कर दिसायला तसाच असतो आणि स्टेशनरीवाला दोन्ही एकाच डब्यातून काढून देतो. एका मुलीने पहिल्या गणितानंतर पुसायला घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती घाबरली आणि पुढची सगळी परीक्षा तिने डोक्यात केली. असं झालंच तर एक घरगुती उपाय आहे: परमनंट शाईवर व्हाइटबोर्ड मार्करने गिरवायचं आणि लगेच पुसायचं, त्यातल्या द्रवाने जुनी शाई सुटते. पण त्यासाठी खरा मार्कर जवळ हवा. म्हणून दोन घे, दोन्ही आदल्या दिवशी चालवून बघ, आणि परीक्षेआधी ते दोन्ही कॅमेऱ्याला दाखव. टोक बारीक असलेला मिळाला तर उत्तम. नेहमीच्या जाड टोकाने ए-फोरएवढ्या जागेत जेमतेम बारा-चौदा ओळी बसतात. टोपण काढून ठेवायची सवय असेल तर ती मोड, पंख्याखाली टोक लवकर सुकतं. आणि मार्कर आडवे ठेव, टोक वर करून उभे ठेवलेले मार्कर फिकट लिहितात.

पुसायला डस्टर नाहीतर सुती कोरडा रुमाल. रुमालही दोन्ही बाजूंनी दाखव. सॅनिटायझरने छान पुसलं जातं हे खरं, पण ती बाटली टेबलावर ठेवू नकोस.

प्रॉक्टरसमोरचा भाग त्यामानाने सोपा. खोलीत तू एकटा, दार बंद आणि कॅमेऱ्यात दिसेल असं तुझ्या मागे. पलंगावर किंवा सोफ्यावर नाही, साध्या खुर्चीवर बसायचं. कान उघडे, हेडफोन नाही. तो कॅमेरा फिरवून सगळी खोली आणि टेबल दाखवायला सांगेल, लॅपटॉपचा पडदा दाखवण्यासाठी हातातला आरसा किंवा फोन वापरू देईल, आणि मग फोन लांब ठेवायला सांगेल. बोर्ड दाखवताना तो सरळ कॅमेऱ्यासमोर धरलास तर ट्यूबलाइटचा झोत परतून त्याला नुसता पांढरा डाग दिसतो. थोडा तिरका धर, हळू फिरव, दोन्ही बाजू. परीक्षा चालू असताना खाली बोर्डकडे बघायला काहीच हरकत नाही, सगळे बघतात. बोर्ड मांडीवर घेऊ नकोस, तोंडासमोर धरू नकोस आणि गणित पुटपुटत सोडवू नकोस. आपल्यातल्या निम्म्या लोकांना ओठ हलवत आकडेमोड करायची सवय असते आणि ती स्वतःला कधीच कळत नाही. बहिणीला समोर बसवून बघ.

मध्येच वीज गेली किंवा नेट तुटलं तर बोर्ड आहे तसा टेबलावर राहू दे. पुसू नकोस, उचलूही नकोस, जागेवरून उठू नकोस. पुन्हा जोडणी झाल्यावर प्रॉक्टर सांगेल तसं कर. त्याला न दिसलेल्या वेळात तू जितकं कमी केलं असशील तितकं तुझं बोलणं सोपं जातं.

शेवटी पुसून दाखवायचं विसरायचं नाही. पडद्यावर गुण येतात आणि माणूस भानावर राहत नाही. आनंदात असो की दुःखात, बोर्ड पुसून, दोन्ही बाजू दाखवून, त्याने ठीक म्हटल्यावरच बाहेर पड. नियम मोडला असं ठरलं तर गुण रद्द होऊ शकतात आणि फी बुडते.

हे सगळं सांभाळूनही मार्क जातात. ते का, हे आता सांगते, आणि तुझ्याकडे महिनाच उरलाय म्हणून हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

तू आत्तापर्यंत वहीत, जेलपेनने सराव केला असशील. पानामागून पान. बोर्डावर तसं लिहिता येत नाही. जीआरईच्या गणिताचे दोन भाग असतात, १२ प्रश्न २१ मिनिटांत आणि १५ प्रश्न २६ मिनिटांत. म्हणजे एका गणिताला पावणेदोन मिनिटं. त्यात बोर्ड भरला म्हणून दर दोन गणितांनंतर पुसत बसलास तर वेळ जातोच, त्याहून वाईट म्हणजे आधीचं काम जातं. जीआरईत एका भागाच्या आत मागे जाऊन उत्तर बदलता येतं. तिसऱ्या गणितावर खूण करून पुढे गेलास आणि परत आल्यावर तिथली मांडणी पुसलेली, तर ते गणित पुन्हा पहिल्यापासून.

मी मुलांना बोर्ड दोन उभ्या आणि तीन आडव्या रकान्यांत मनातल्या मनात वाटून घ्यायला लावते. रेघा मारायच्या नाहीत, जागा जाते. एका बाजूला सहा खण, दोन्ही बाजू मिळून बारा, म्हणजे पहिला भाग न पुसता निघतो. दुसऱ्या भागाआधी सगळं पुसायचं आणि पुन्हा बारा खण. उरलेल्या तीन गणितांसाठी, जी पक्की झाली आहेत त्यांचे खण पुसायचे. खणाच्या कोपऱ्यात गणिताचा क्रमांक. प्रोटेक्टरची मागची बाजू वापरलीस तर ओली शाई टेबलाला पुसली जाते, म्हणून माझं मत बोर्डाकडे झुकतं.

आणि खणात काय लिहायचं हे नव्याने शिकावं लागतं. ३६० ला किती विभाजक, असा प्रश्न आला की वहीवाली मुलं १, २, ३, ४, ५, ६ अशी यादी लिहीत सुटतात. बोर्डावर तेवढी जागा नाही. ३६० मध्ये २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा. खणात फक्त ३, २, १ लिहायचं, प्रत्येकात एक मिळवायचा, ४ × ३ × २, उत्तर २४. एक ओळ. पडद्यावरची आकृती आहे तशी उतरवायची नाही, फक्त जी बाजू नवीन काढली तिचा आकडा. दिलेली माहिती पुन्हा लिहायची नाही, ती समोर आहेच. जाड मार्करने १ आणि ७, ५ आणि ६ सारखेच दिसू लागतात, तेव्हा ७ ला मधे आडवी रेघ दे. डावखुरा असशील तर लिहितालिहिता मनगटाने पुसलं जाणार हे धरूनच चाल. उजवीकडचा रकाना आधी भर, मग डावीकडचा.

निबंधाला बोर्डाला हातच लावू नकोस. तो पहिलाच असतो, ३० मिनिटांचा, आणि मुद्दे थेट टायपिंगच्या चौकटीतच चार शब्दांत टिपून नंतर खोडता येतात. शब्दसंग्रहाच्या प्रश्नांना मात्र एका कोपऱ्यात ए ते ई लिहून नको ते पर्याय खोडत गेल्याने काहींना फायदा होतो. मला स्वतःला होत नाही.

आजपासून प्रत्येक सराव चाचणी बोर्डावर दे. पहिल्या दोन चाचण्यांत गुण थोडे खाली येतील, माझ्या बहुतेक मुलांचे येतात. तिसऱ्या-चौथ्या चाचणीपर्यंत हात बसतो. पाच चाचण्यांनंतरही बोर्डाशी जमलं नाही, अक्षर पसरतंच आहे असं वाटलं, तर हट्ट करू नकोस. पुण्या-मुंबईत केंद्र आहे, तिथे कागद आणि पेन्सिल मिळते, प्रश्न तेच. सांगली-पुणे एसटीचा प्रवास करून आदल्या रात्री नातेवाइकांकडे राहणं हे काही अपयश नाही. माझ्या मागच्या तुकडीतल्या दोघांनी हेच केलं. तारीख बदलायची असेल तर परीक्षेच्या चार दिवस आधीपर्यंतच बदलता येते आणि त्याचे वेगळे पैसे पडतात, तेव्हा हा निर्णय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

आजीला सांग, पाटी खाली काढून ठेवा. सराव करताना लाइट गेले आणि मार्कर सापडला नाही तर उपयोगी पडेल.